आई तेव्हा किती वर्षांची होती?

शाळा सुटली की गावातली निम्मी पोरं आमच्याच दारात बूट काढायची. आणि बूट तरी कसे, बर्फाने थबथबलेले, डावा इकडे पडलाय, उजवा तिकडे. मी भट्टीतून गरम नान काढून आत न्यायची म्हटलं की आधी पायाने बूट सारत वाट करायची. मग माझं तोंड सुटायचं. "जाऊबाई, अहो, हे घर आहे की मेंढवाडा?"

आतून आवाज यायचा, "ओरडू नकोस गं सोनुन, कुणाची तरी वजाबाकी चुकेल."

जाऊबाई म्हणजे अनिपा. माझ्या नवऱ्याच्या, मुकाशच्या, थोरल्या भावाची बायको. थोरले दीर वारून बरीच वर्षं झाली, त्यांच्या मुली लग्न करून राजधानीत गेल्या आणि गावच्या शाळेतली नोकरी संपली तशा जाऊबाई एकट्या पडल्या, म्हणजे आमच्यातच राहिल्या. नोकरी संपली, पण शिकवायची खोड काही जाईना. पैसे घेत नाहीत, कुणी सायीचं भांडं आणून दिलं तर तेही पोरांनाच नानाला लावून खाऊ घालतात. नान कुणी भाजायचे? मी. असो.

बेरीज-वजाबाकी पोरांना शाळेत येते. घोडं अडतं ते शाब्दिक उदाहरणांपाशी. पुस्तकात लिहिलेलं असतं, एक आगगाडी अमक्या गावाहून निघाली, दुसरी तमक्या गावाहून. आता आमच्या या डोंगरात आगगाडी कोणी पाहिलीय? मी नाही पाहिलेली. जाऊबाई पुस्तक मिटून मांडीखाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उन्हाळी कुरणावरून तुझा बाप घोड्यावर निघाला. इकडून नदीकडून तुझा मामा निघाला." की लगेच पोरांचे डोळे चमकायचे. मामाचा घोडा लंगडतो, तो आधी पोचणारच नाही, वगैरे वाद सुरू. हौदात पाणी सोडणारे दोन नळ असतात ना, त्यांच्या दोन घोड्या व्हायच्या, आणि हौदाची व्हायची घोडीचं दूध आंबवून कुमिस करायची कातडी पिशवी. गणित तेच, पण पोरं ते सोडवायची.

त्यांची ही पद्धत एकदा मात्र चांगलीच अंगाशी आली होती. त्यांनी गणित घातलं, "घरी चार पाहुणे आले. मटणाचे बारा तुकडे आहेत. सारखे वाटले तर प्रत्येकाला किती?"

शेजारच्या कुबातने पेन्सिल खालीच ठेवली. "बाई, सारखे कसे वाटणार?"

"म्हणजे?"

"त्यात वयाने मोठं कोण आहे? जावई आहे का कुणाचा? जावयाला काय मानेचं हाड देणार?"

सगळी पोरं एकदम ओरडायला लागली. खुब्याचं हाड आजोबांना, शेपटाजवळचं आजीला, तू गप रे, तुमच्यात तसं असेल. बारा भागिले चार राहिलं बाजूला. जाऊबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि मटण रद्द करून अक्रोड घेतले. अक्रोडांना मानपान नसतो.

शेपटाजवळच्या हाडावरून आठवलं. तो तुकडा घरातल्या आईचा. आमच्या सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच्या हिवाळ्यात गेल्या, मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं. मी आले तेव्हापासून घरात वयाने मोठ्या म्हणून मी तो तुकडा जाऊबाईंच्या ताटात वाढायची, आणि त्या दर वेळी उचलून परत पातेल्यात टाकायच्या. "तो सासूचा मान. मी जाऊ आहे तुझी." काय तो ताठा! मी मनात म्हणायची, नका खाऊ, माझी पोरं खातील.

एक जुना सलही होता. माझी थोरली जन्मली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या चहाला जमल्या होत्या. आमच्याकडे रीत आहे, पहिलं मूल आजी-आजोबांच्या पदरात घालायचं. ते त्यांचंच होऊन वाढतं, त्यांनाच आई-बाबा म्हणतं, आणि जन्म देणाऱ्यांना दादा-वहिनी. सासू-सासरे तर नव्हतेच, तेव्हा म्हाताऱ्यांचं ठरलं, पोरगी अनिपाला द्या, बिचारी एकटी आहे. मला द्यायची नव्हती, पण नव्या सुनेने बोलायचं कसं! आणि जाऊबाईंनी चहाचा वाडगा असा आपटला की चहा सांडला. "नको मला. आईचं मूल आईजवळ राहू दे." उठून बाहेर गेल्या. मला हायसं वाटलं, पण रागही आला. माझं लेकरू इतकं जड झालं हिला? तो शब्द माझ्या मनातून कधी गेला नाही.

आता जीपारचं सांगते. पलीकडच्या घरातल्या बुरुलमावशीची नऊ वर्षांची पोर. मावशीची म्हणजे मावशीच्या मुलाची. पहिलीच म्हणून मावशीने तिला तान्ही असतानाच घेतली. मुलगा आणि सून शहरात असतात, त्यांना नंतर आणखी दोन झाली. जीपार मावशीला आई म्हणते आणि ते दोघं आले की "दादा आला, वहिनी आली" म्हणून फाटकापर्यंत धावत सुटते. सगळ्या गावाला माहीत. पोरीला तेवढं माहीत नव्हतं. मावशी म्हणायची, मोठी झाली की सांगू. सुनेने एकदा सांगायचं काढलं तर मावशीने तिच्याशी सहा महिने बोलणं टाकलं. मावशीचा जीव त्या पोरीत आहे. पोरगी आपल्याला आजी म्हणेल आणि शहरात निघून जाईल, ही एकच भीती तिला रात्रंदिवस.

त्या दिवशी सकाळीच मुकाशने मेंढी कापली होती. मी पातेलं चुलीवर चढवलं होतं, चुलीत गोवऱ्या सारत होते आणि पाठीमागे पोरांचा अभ्यास चालला होता. पुस्तकातलं उदाहरण होतं: आई छत्तीस वर्षांची आहे, मुलगी नऊ वर्षांची. मुलगी जन्मली तेव्हा आई किती वर्षांची होती?

"छत्तीस," कुबात म्हणाला.

"तेव्हा रे. मुलगी जन्मली तेव्हा."

"बाई, आई छत्तीसचीच आहे की! लिहिलंय इथे."

सगळ्यांचं तेच. आई कधी लहान होती हेच कुणाच्या डोक्यात शिरेना. जाऊबाईंनी पुस्तक मांडीखाली ठेवलं, सवयीने. "बरं, तुझी आई किती वर्षांची रे, कुबात?"

"चौतीस."

"आणि तू?"

"दहा."

"मग तू पाळण्यात होतास तेव्हा तुझी आई चौतीसची होती? दहा वर्षं मागे जा बघू."

कुबातने बोटं मोजली. "चोवीस! अरे, माझी आई चोवीसची होती!" जणू आईची चोरीच पकडली. झालं, पोरांना ऊत आला. माझी आई, माझी आई, जो तो आपल्या आईला पाळण्यापाशी नेऊन उभी करायला लागला. मी चुलीपाशी हसत होते. आणि हसता हसता मागे वळून पाहिलं. जीपारचा हात वर होता.

जाऊबाईंच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांचा चेहरा मी पाहिला, कुणी रक्त काढून घ्यावं तसा झाला. "जीपार, तू... तू तुमच्या गायीचं कर. गाय किती वर्षांची?"

"गायीचं नको, बाई. आईचं करते. झालंसुद्धा!" पोरगी हुशार, तिला मदत लागतच नाही. "आई सहासष्ट. मी नऊ. सत्तावन्न!"

"सत्तावन्न?" कुबात खो खो हसला. "माझी आजी सत्तावन्नची आहे. तिला कुठं बाळ होतंय! तुझी आई म्हणजे तुझी आजीच आहे. माझी आई म्हणते."

"कुबात!" मी पळी उगारली. पण तोंडातून निघालं ते निघालं.

जीपार रडली नाही. तिने पाटीवर खाली आणखी काहीतरी लिहिलं. ओठ हलत होते. मग मान वर केली. "वहिनी एकोणतीस वर्षांची आहे. एकोणतीस वजा नऊ, वीस." आणि सरळ जाऊबाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "हे बरोबर आहे का, बाई?"

देवा! मला वाटलं, आता तरी खोटं बोला. म्हणा, चुकलं, पुन्हा कर. एवढंच म्हणायचं होतं. पण या बाईने आयुष्यात बरोबर उत्तराला कधी चूक म्हटलं नव्हतं.

"बरोबर आहे," जाऊबाई म्हणाल्या.

पोरगी उठली आणि अनवाणीच बाहेर पळाली. बूट दारातच. बाहेर गुडघाभर बर्फ!

मग जे काही झालं ते विचारू नका. पोरं रडायला लागली, कुबात सगळ्यांत मोठ्याने. मी शाल घेऊन धावले. तोवर बुरुलमावशीपर्यंत बातमी गेली होती. ती डोक्यावरचा रुमाल अर्धवट सुटलेला, अशी आमच्या अंगणात आली. "कुठं आहे माझी पोर? अनिपा, काय केलंस तू? नऊ वर्षं जपलं मी तिला, आणि तू गणित घालतेस? गणित? तुझ्या त्या गणिताला आग लागो!"

मुकाश फावड्याने गोठ्याकडची वाट मोकळी करत होता, त्याने न बोलता गोठ्याकडे बोट दाखवलं. मावशी धावणार, तेवढ्यात जाऊबाईंनी तिचा दंड धरला. "तू थांब. आधी मी जाते. बिघडवलंय मी."

मावशी थांबली. का थांबली देव जाणे, पण थांबली. मी मात्र शाल आणि बूट घेऊन जाऊबाईंच्या मागे गेले.

जीपार कोकरांच्या मागे गवतात बसली होती, पाय पोटाशी घेऊन. जाऊबाई तिच्या शेजारी बसल्या, तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. मी दाराशीच थबकले. बाहेर मुकाशचं फावडं खरवडत होतं.

"मला त्यांनी देऊन टाकलं," जीपार म्हणाली. "त्या दोघांना ठेवलं आणि मला दिलं. मी काय केलं होतं?"

"तू काही नाही केलंस. तू पहिली होतीस. पहिलं मागतात."

"मग द्यायचं? कुणीही मागितलं की द्यायचं?"

"सासू मागते तेव्हा विसाव्या वर्षी तोंड उघडत नाही, बाळा."

"तुम्हाला काय माहीत?"

जाऊबाई तिचे पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दिलाय ना. माझा मुलगा."

मला वाटलं, पोरीची समजूत काढायला काहीतरी बनवून सांगतायत. जाऊबाईंना मुलगा कुठला? दोन मुली. मला ठाऊक नसतं होय?

जीपारलाही पटलं नाही. "कुठं आहे तो?"

"बाहेर बर्फ उपसतोय."

हातातले बूट खाली पडले माझ्या. खरंच पडले. बाहेर फावडं खर्र खर्र वाजत होतं आणि मला दुसरं काही ऐकूच येईना. मुकाश? माझा मुकाश? सासूबाईंचं उशिराचं शेंडेफळ म्हणून ज्याचं गावभर कौतुक, तो? अहो, मी त्या माणसाची बायको! सोळा वर्षं एका चुलीवर रांधतेय, एका बाईला जाऊबाई, जाऊबाई म्हणतेय, भांडतेय, बुटांवरून बोलतेय, आणि ती माझी सासू? आणि हे मला गोठ्यात, कोकरांच्या घाणीत, दुसऱ्याच्या पोरीला सांगताना कळावं?

"तो तुम्हाला काय म्हणतो?" जीपारने विचारलं.

"वहिनी."

"त्याला माहीत आहे?"

"लष्करात जाताना सासूबाईंनी सांगितलं त्याला. तो रात्री माझ्याकडे आला, बसला, चहा प्यायला. जाताना म्हणाला, येतो वहिनी. जन्मभराची जिभेची सवय असते गं, अशी नाही सुटत."

"मग तुम्हाला वाईट वाटतं?"

"वाटतं की. रोज."

एक कोकरू जीपारच्या कोपराला ढुशा देत होतं. तिने त्याला जवळ ओढलं आणि विचारलं, "मग वहिनीलाही वाटत असेल?"

"तिलाच विचार. फोन आला की विचार. मला तिच्या मनातलं काय माहीत?"

"आणि आई? आई कोण मग?"

"खोकला झाला की तुझ्या छातीला मेंढीची चरबी कोण चोळतं?"

"आई."

"मग तेच उत्तर. आईच्या बाबतीत वजाबाकी करायची नसते, जीपार. आहेत तेवढ्या असू द्यायच्या."

पोरगी उठली. मी बूट उचलून तिच्या हातात दिले. दाराबाहेर बुरुलमावशी उभी. एवढी दांडगी बाई, पण त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कोणता शब्द ऐकायला लागणार म्हणून ती श्वास धरून उभी होती.

जीपार तिच्यासमोर थांबली. पाय पुढे केला. "आई, हा बूट चढत नाहीये. ओला झालाय."

मावशी बर्फातच खाली बसली आणि बूट घालता घालता हुंदके देऊन रडली. जीपारने तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "मला वहिनीला फोन करायचाय. आजच." मावशीने मान हलवली. हलवावीच लागली.

त्या गेल्या. मी सरळ मुकाशकडे गेले आणि फावडं हिसकावून घेतलं. "सोळा वर्षं! सोळा वर्षं तू माझ्याशी..."

"तुला माहीत नव्हतं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. सोंग नव्हतं ते, खरंच चकित झाला होता. "अगं, सगळ्या गावाला माहीत आहे!"

"मी काय या गावची आहे? मी खिंडीपलीकडून आलेय! मला कोण सांगणार होतं? मेंढ्या?"

"मला वाटलं, बायकांत कुणीतरी बोललं असेल."

आणि बायकांना वाटलं, नवऱ्याने सांगितलं असेल! वा रे वा! जाऊबाईंच्या त्रेसष्टातून मुकाशचे चव्वेचाळीस गेले तर एकोणीस, हे गणित माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर रोज बसत होतं आणि मला ते सोडवावंसं एकदाही वाटलं नाही. आणि तेवढ्यात तो सांडलेला चहा आठवला. आईचं मूल आईजवळ राहू दे. माझी थोरली! खरी आजी तीच होती. रीतीने हक्क तिचा होता, सगळं गाव देत होतं, आणि ती नको म्हणून उठून गेली होती. माझ्यासाठी. मी तिथेच फावड्याला धरून उभी राहिले. मुकाश विचारत होता, काय झालं, काय झालं. सांगू काय त्याला?

संध्याकाळी मटण शिजलं. आम्ही तिघंच बसलो होतो, माझी पोरं शहरात वसतिगृहात. जाऊबाईंचे डोळे सुजलेले. मी मुकाशला खुब्याचं हाड वाढलं. मग पातेल्यातून शेपटाजवळचा तुकडा काढला आणि त्यांच्या ताटात ठेवला.

त्यांचा हात सवयीने पुढे आला. उचलून परत टाकायला.

"टाकून बघा," मी म्हणाले. आवाज भांडणातला होता, दुसरा मला काढताच येईना. "परत टाकलात तर मी पुन्हा वाढीन. रात्रभर वाढीन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग मुकाशकडे. त्याने मान खाली घातली होती. त्यांनी सुरी घेतली, तुकड्यावरची मऊ चरबी कापली आणि हात लांब करून मुकाशच्या तोंडापाशी नेली, लहान पोराला भरवतात तशी. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीवाला माणूस. त्याने तोंड उघडलं आणि खाल्ली.

"मीठ बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

मुकाशने तोंड उघडलं. 'वहिनी'तला 'व' सुरू होई आणि तिथेच अडे. शेवटी त्याने नुसतीच मान हलवली, आणि त्या दिवशी आमच्या घरात त्यांना कुणी वहिनी म्हटलं नाही.